शेतातील खत, तळ्यातील विष

गेली काही वर्षे उन्हाळा आला की ब्रिटनकडील बातम्यांत एका तळ्याचे नाव हमखास येते. उत्तर आयर्लंडमधील लॉख नेय हे ते सरोवर. सुमारे 390 चौरस किलोमीटर पसरलेले, म्हणजे आपल्या मॉरिशसच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढे. साऱ्या ब्रिटनमध्ये याहून विस्तीर्ण गोडे तळे नाही, आणि उत्तर आयर्लंडच्या पिण्याच्या पाण्याचा सुमारे 40 टक्के भाग त्यातूनच येतो. 2023 च्या उन्हाळ्यात या पाण्यावर हिरवी, दुर्गंधी साय धरली. निळ्या-हिरव्या शेवाळाची ही साय विषारी असू शकते. लोकांना पोहण्याची मनाई झाली, कुत्र्यांना पाण्यापासून दूर ठेवा असे सांगण्यात आले. पुढच्या वर्षांतही तेच झाले. 2025 मध्ये तर तेथील ईल माशांची जुनी मासेमारीही थांबवावी लागली.

इतक्या दूरच्या तळ्याशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, तो खताचा.

निसर्गाच्या घरी काहीच वाया जात नाही. पान गळते, कुजते, त्यातील नत्र व स्फुरद मातीत मिसळतो आणि पुढच्या पानाच्या कामी येतो. माणूस पीक कापून बाजारात नेतो तेव्हा हे सत्त्वही शेताबाहेर जाते. ते परत भरून काढण्यासाठी खत लागते. 1842 साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ यांनी सुपरफॉस्फेट खताचे पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी रॉथॅमस्टेड येथे गव्हाच्या शेतावर जो खतांचा प्रयोग सुरू केला, तो आजतागायत चालू आहे. खताने पीक वाढते, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या दिसून आले आहे. त्याच ठिकाणी 1856 पासून गवताच्या कुरणावरही प्रयोग चालतो. ज्या तुकड्यांना काहीच खत दिले नाही तेथे आजही तऱ्हेतऱ्हेच्या वनस्पती उगवतात. नत्र भरपूर दिलेल्या काही तुकड्यांत मात्र मोजक्याच जाती उरल्या आहेत. तेव्हा खत म्हणजे निव्वळ पुण्य नव्हे, हेही त्याच मातीने शिकविले.

पिकाला लागते त्याहून अधिक घातलेले खत जाते कोठे? नत्र पाण्यात विरघळून खाली झिरपतो किंवा ओढ्याला मिळतो. स्फुरद मातीच्या कणांना धरून बसतो आणि पावसाने माती धुपली की तिच्याबरोबर वाहत जातो. तळ्यात पोहोचल्यावर हेच खत शेवाळाचे अन्न होते. शेवाळ फोफावते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते.

लॉख नेयमध्ये येणाऱ्या स्फुरदाचा निम्म्याहून अधिक भाग शेतीतून येतो, बाकीचा मुख्यतः सांडपाण्यातून. पण दोष एकट्या रासायनिक खताचा नाही. गाईगुरे, डुकरे व कोंबड्या पोसण्यासाठी तेथे बाहेरून खाद्य आणले जाते. त्यात दक्षिण अमेरिकेतील सोयाबीनही असते. म्हणजे एका खंडातील मातीचे सत्त्व जहाजाने येते, जनावरांच्या पोटातून शेणात उतरते आणि दुसऱ्या देशाच्या तळ्यात साचते. दूध, मांस व अंडी निर्यात होतात, शेण मात्र घरीच राहते. 2013 साली तेथील शेती व अन्नधंद्याच्या मंडळाने उत्पादन आणि निर्यात वाढविण्याची योजना मांडली होती. वाढत्या मालाचा हिशेब झाला, वाढत्या शेणाचा विचार कोणी किती केला, हे आज तळे सांगत आहे.

2024 च्या जुलैत तेथील सरकारने तळ्यासाठी 37 कलमी कार्यक्रम मंजूर केला. 2025 मध्ये शेतांवरील स्फुरदाला कडक मर्यादा घालण्याचा प्रस्ताव पुढे येताच शेतकरी संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. स्वस्त दूध व स्वस्त कोंबडी सर्वांनाच हवी. मग सफाईचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी का? शिवाय गाळात इतका जुना स्फुरद साठला आहे की, आज सर्व बंद केले तरी तळे निवळायला अनेक वर्षे लागतील. ज्यांनी कर्ज काढले ते वेगळे, फेडणारे वेगळे.

यावर खतच बंद करा, असे कोणी म्हणेल. श्रीलंकेने 2021 साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद करून पाहिली. भाताचे व चहाचे पीक घटले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला माघार घ्यावी लागली. तेव्हा प्रश्न खत असावे की नसावे हा नसून किती, केव्हा आणि कोठे, हा आहे.

आमच्या मते हा धडा बेटावर राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. आपल्याकडे डोंगर आणि समुद्र यांत अंतर थोडे. उसाच्या किंवा भाजीच्या शेतातून वाहिलेले पाणी प्रवाळाच्या कठड्याआतील उथळ समुद्रात यायला वेळ लागत नाही. तेथेही जादा सत्त्वावर शेवाळ वाढते आणि प्रवाळाला गुदमरवते. म्हणून माती तपासून मगच खत घालावे, एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावे, मोठा पाऊस येणार असेल तर पोते उघडू नये, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. ही कामे शेतकऱ्याची. नद्यांचे व किनाऱ्याचे पाणी नियमित तपासून आकडे लोकांपुढे ठेवणे हे सरकारचे काम, आणि ते मागणे हे आपले.

पूर्वजांनी दगड वेचून ही जमीन पिकती केली. तिच्यात काय घातले याचा हिशेब आपण ठेवतोच. तिच्यातून काय वाहून गेले, याचाही ठेवला पाहिजे. लॉख नेयच्या काठी तो फार उशिरा मांडला गेला.