विश्लेषण : अमेरिकेत उद्योगच हवामान कायदा मागतात, तरी तो टिकत का नाही?

पवन आणि सौर प्रकल्पांच्या करसवलतींना कात्री लावणाऱ्या कायद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केली. या सवलती कायम राहाव्यात, अशी मागणी पर्यावरणवाद्यांबरोबर अनेक कंपन्यांनीही केली होती. एरवी वॉशिंग्टनमध्ये उद्योगांच्या शब्दाला वजन असते. या वेळी ते कमी का पडले?

उद्योगांची ही मागणी कधीपासूनची?

जनरल इलेक्ट्रिक, ड्यूपाँ, ड्यूक एनर्जी, कॅटरपिलर, बीपी अमेरिका अशा कंपन्यांनी २००७ मध्ये पर्यावरण संघटनांसह आघाडी स्थापन करून कार्बन उत्सर्जनावर सक्तीची मर्यादा घालण्याची मागणी केली. २००८ मध्ये नायकी, स्टारबक्स, लिव्हाय स्ट्रॉस, टिंबरलँड आणि सन मायक्रोसिस्टिम्स यांनी ‘सेरेस’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘बायसेप’ हा गट स्थापला. स्वच्छ ऊर्जेच्या कायद्यांसाठी लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करणे, हे त्याचे काम.

यात त्यांचा फायदा काय?

वीज प्रकल्प काही दशके चालतो. नियम दर चार वर्षांनी बदलणार असतील तर गुंतवणुकीचा हिशेब जुळत नाही. शिवाय हरितगृह वायूंना प्रदूषक मानून पर्यावरण संरक्षण संस्था त्यांचे नियमन करू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला होता. सरकारी यंत्रणेच्या नियमांपेक्षा, ज्याच्या मसुद्यावर आपल्यालाही बोलता येईल असा कायदा बरा, हा व्यवहारी विचार त्यामागे होता.

मग २००९ चे विधेयक का बारगळले?

उत्सर्जनावर मर्यादा घालून परवान्यांचा व्यापार सुरू करणारे वॅक्समन-मार्की विधेयक प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले. मात्र ‘यूएस चेंबर ऑफ कॉमर्स’ने विरोध केला. त्यावरून अ‍ॅपल, एक्सेलॉन, पीजी अँड ई यांनी चेंबरचे सदस्यत्व सोडले. नायकीने संचालक मंडळातील जागा सोडली. पण फेब्रुवारी २०१० मध्ये बीपी अमेरिका, कोनोकोफिलिप्स आणि कॅटरपिलर २००७ च्या आघाडीतूनच बाहेर पडल्या. सिनेटमध्ये विधेयक मतदानापर्यंतही पोहोचले नाही.

२०२२ मध्ये काय बदलले?

जो बायडेन यांच्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट’ने दंडाऐवजी सवलतींचा मार्ग धरला. ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलरची तरतूद झाली. पण त्याच कायद्यात अब्ज डॉलरहून अधिक नफा कमावणाऱ्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर होता. त्यामुळे ‘बिझनेस राऊंडटेबल’ आणि चेंबर या बड्या संघटना विरोधातच राहिल्या. एकाही रिपब्लिकन सदस्याचे मत कायद्याला मिळाले नाही.

२०२५ मध्ये आवाज कमी का पडला?

नव्या कारखान्यांतील गुंतवणुकीचा मोठा वाटा रिपब्लिकन मतदारसंघांत गेला होता. त्यामुळे कायदा वाचेल, अशी आशा होती. मार्च २०२५ मध्ये २१ रिपब्लिकन प्रतिनिधींनी पत्र लिहून सवलती राखण्याची विनंतीही केली. पण त्यांतील बहुतेकांनी अंतिम विधेयकाच्या बाजूने मत दिले. बड्या संघटनांची अडचण वेगळी होती. याच विधेयकात यंत्रसामग्री आणि संशोधनावरील खर्चाच्या करवजावटीचे लाभ होते. हवामान की कर, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी कर निवडला.

आता पुढे काय?

४ जुलै २०२६ नंतर बांधकाम सुरू होणाऱ्या पवन व सौर प्रकल्पांना सवलतीसाठी २०२७ अखेर वीजनिर्मिती सुरू करावी लागेल. विद्युत मोटारींवरील साडेसात हजार डॉलरपर्यंतची सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. अणुऊर्जा, भूऔष्णिक ऊर्जा आणि बॅटरी साठवणुकीच्या सवलती मात्र बऱ्याच अंशी टिकल्या. म्हणजे उद्योगांचा दबाव निष्फळ नसतो. तो आपल्या ताळेबंदापुरता असतो. त्यामुळे एखादी कंपनी हवामान कायद्याला पाठिंबा जाहीर करते तेव्हा तिच्या पत्रकाबरोबरच, ती ज्या संघटनेला वर्गणी देते ती संघटना काय मागते, हेही पाहावे लागते.