बलाढ्य महापौर, मुके सभागृह

स्तंभ : नगरकारभार

शिकागोच्या महापौरांचा इतिहास बहुधा व्यक्तिचित्रांची मालिका म्हणून सांगितला जातो. १८३७ मध्ये शिकागोला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा निवडून आलेले जमीनव्यवहारातील धनाढ्य विल्यम ऑग्डेन, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचा समारोप दोन दिवसांवर आला असताना राहत्या घरी गोळी घालून मारले गेलेले कार्टर हॅरिसन आणि २१ वर्षे शहरावर हुकमत गाजवणारे रिचर्ड जे. डेली ही माणसे इतकी ठसठशीत आहेत, की त्यांच्या हाती सत्ता नेमकी आली कोठून, हा प्रश्न या मांडणीत मागेच पडतो. महाराष्ट्रातील महापालिकांत कारभाराची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. शिकागोत ती निवडून आलेल्या महापौराकडे आहेत, परंतु इलिनॉय राज्याच्या कायद्याने आखलेली चौकट पाहिली, तर तेथील महापौर दुबळा आणि सभागृह बलवान ठरते. ५० प्रभागांतून निवडून येणारे ५० नगरसेवक, ज्यांना तेथे परंपरेने ऑल्डरमन म्हणत आले आहेत, अंदाजपत्रक मंजूर करतात, आपल्या समित्या स्वतः ठरवू शकतात आणि महापौराने केलेल्या महत्त्वाच्या नेमणुकांना संमती देतात किंवा ती नाकारतात.

कायद्याने न दिलेली ताकद महापौराला पक्षाने दिली. बोहेमियातून लहानपणी अमेरिकेत आलेले अँटन सेरमाक यांनी चेक, पोलिश, ज्यू, आयरिश अशा निरनिराळ्या स्थलांतरित समाजांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या छत्राखाली आणून १९३१ मध्ये तत्कालीन रिपब्लिकन महापौर विल्यम हेल थॉम्पसन यांचा पराभव केला आणि त्यानंतर आजतागायत शिकागोत रिपब्लिकन महापौर झालेला नाही. १९३३ मध्ये मायामीत नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांपैकी एक लागून सेरमाक यांचा मृत्यू झाला, तरी त्यांनी उभारलेली यंत्रणा टिकली, कारण ती एका माणसाच्या करिष्म्यावर नव्हे, तर नोकऱ्यांच्या वाटपावर उभी होती. प्रभागाचे लहान लहान मतदान विभाग पाडलेले असत आणि प्रत्येक विभागासाठी पक्षाचा एक कार्यकर्ता नेमलेला असे. कोणाच्या दारातला दिवा बंद आहे, कोणाचा कचरा उचलला गेला नाही, याची तड तो लावी आणि निवडणुकीच्या दिवशी त्याच घरांतून मते काढून आणी. तो स्वतः बहुधा पालिकेच्याच नोकरीत असल्यामुळे आपल्या भागातील मते घटली तर नोकरीवर गदा येईल, याची त्याला पुरती जाणीव असे.

१९५३ मध्ये शिकागो ज्यात मोडते त्या कुक परगण्याच्या डेमोक्रॅटिक पक्षसमितीचे अध्यक्ष झालेले डेली १९५५ मध्ये महापौरपदी निवडून आले आणि पक्षाध्यक्षपद न सोडता त्यांनी दोन्ही खुर्च्या १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळल्या. एका हाताने नोकऱ्या आणि दुसऱ्या हाताने पक्षाची उमेदवारी वाटणाऱ्या या माणसापुढे सभागृह ताटाखालचे मांजर होऊन बसले, यात नवल नव्हते. पाचव्या प्रभागाचे अपक्ष वृत्तीचे नगरसेवक लिऑन डेस्प्रेस बोलायला उठले, की डेली अनेकदा त्यांचा ध्वनिक्षेपकच बंद करीत. ही केवळ एका सत्ताधीशाची अरेरावी नव्हती. ज्यांच्यावर प्रश्न विचारण्याची जबाबदारी होती, त्या बहुसंख्य सदस्यांना ध्वनिक्षेपक बंद झाल्याचे काहीच वाटत नव्हते, हे अधिक गंभीर होते.

यंत्रणा ढिली पडली तेव्हा कायद्यातील दुबळा महापौर उघडा पडला. राजकीय कारणासाठी कर्मचाऱ्यांना काढण्यास आणि पुढे नेमण्यासही बंदी घालणारे न्यायालयीन आदेश शॅकमन खटल्यातून १९७२ आणि १९८३ मध्ये निघाले. त्या दरम्यान, १९७९ च्या हिमवादळात रस्ते वेळेवर मोकळे न झाल्याचा राग मतपेटीतून व्यक्त होऊन तत्कालीन महापौर मायकल बिलँडिक पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच हरले आणि जेन बर्न शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन हे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले, पण सभागृहातील २९ सदस्य नगरसेवक एडवर्ड व्र्डोल्याक यांच्या मागे एकवटले. मे महिन्यातील बैठक तहकूब करून वॉशिंग्टन बाहेर पडले, तरी या गटाने ती पुढे चालू ठेवून समित्यांची सारी अध्यक्षपदे आपसांत वाटून घेतली. महापौराचा नकाराधिकार मोडून काढण्यास ३४ मते लागत. ती २९ जणांकडे नव्हती आणि महापौराकडे बहुमत नव्हते, त्यामुळे नेमणुका आणि प्रस्ताव वर्षानुवर्षे अडकून पडले. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांवर अन्याय करणारी प्रभागरचना न्यायालयाच्या हस्तक्षेपाने बदलली, १९८६ मध्ये सात प्रभागांत पुन्हा निवडणूक झाली, बळ २५-२५ असे समसमान झाले आणि महापौराच्या निर्णायक मताने कोंडी फुटली.

शिकागोसारख्या शहराला खमक्या महापौरच हवा, या मताच्या पुष्ट्यर्थ हाच कालखंड पुढे केला जातो. परंतु २९ जणांच्या विरोधाला वर्णद्वेषाची धार होती आणि तो कारभाराची तपासणी करण्यासाठी नव्हे, तर हातातून निसटणारी सत्ता राखण्यासाठी होता. त्यावरून स्वतंत्र सभागृहाची किंमत ठरवता येत नाही. मुक्या सभागृहाची किंमत मात्र मोजता येते. डेलींचे पुत्र रिचर्ड एम. डेली १९८९ पासून २२ वर्षे महापौर होते. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी शहरातील सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवून सुमारे १ अब्ज १५ कोटी डॉलर एकरकमी घेण्याचा करार जाहीर केला आणि दोनच दिवसांत सभागृहाने तो ४० विरुद्ध ५ मतांनी संमत केला. पालिकेच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालानुसार शहराने या व्यवहारात सुमारे ९७ कोटी ४० लाख डॉलर कमी घेतले होते. आलेल्या रकमेचा बहुतांश भाग अल्पावधीत अंदाजपत्रकातील तूट भरण्यात गेला, आणि रस्ता दुरुस्तीसाठी वा उत्सवासाठी मीटर बंद ठेवावे लागले तर कंपनीला भरपाई देण्याचे बंधन शहराच्या गळ्यात पडले.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या घडामोडींकडे पाहिले पाहिजे. २०१९ मध्ये पन्नासही प्रभागांत आघाडी मिळवून महापौर झालेल्या लोरी लाइटफूट २०२३ मध्ये पहिल्याच फेरीत बाद झाल्या, आणि त्यांच्यानंतर आलेले ब्रँडन जॉन्सन यांचा ३० कोटी डॉलरच्या मालमत्ता करवाढीचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये सभागृहाने ५०-० असा एकमुखाने फेटाळला. याला महापौरांची नाचक्की म्हणणे सोपे आहे. वस्तुतः कायद्याने दिलेले काम सभागृह उशिरा का होईना करू लागल्याची ती खूण आहे. अर्थात केवळ नकार देणे पुरेसे नाही. मोठा करार मतदानाला येण्यापूर्वी त्याचा स्वतंत्र आर्थिक अभ्यास आणि सदस्यांना तो वाचण्यास पुरेसा अवधी, या दोन अटी सभागृहाने स्वतःवरच बंधनकारक केल्या पाहिजेत. वादविवादाने अंदाजपत्रक काही आठवडे लांबते. दोन दिवसांच्या मौनाने केलेला करार या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत फेडावा लागणार आहे.