दीड रुपयाचे भाडे

कोणी माल फुकट वाहून देतो म्हणाला की आपल्या लोकांना मोठा हर्ष होतो. पण हा दानशूर किती दिवस देणार व कशासाठी, हे कोणी विचारीत नाही.

१८९३ सालची गोष्ट घ्या. मुंबईच्या गिरण्यांचे सूत आगबोटींनी चीन-जपानकडे जाई. त्याचे भाडे पी. अँड ओ. ही विलायती कंपनी व तिच्या दोन सोबतिणी आपसांत ठरवीत. जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीस हाताशी धरून टनास १२ रुपये दराने बोटी सुरू केल्या. तेव्हा पी. अँड ओ.ने आपले भाडे दीड रुपयावर आणले. जपानचा कापूस तर फुकटही नेऊ म्हणाली! टाटांना माल देण्याचा शब्द दिलेले गिरणीवालेच एकेक करून तिकडे गेले. टाटांच्या बोटी बंद पडल्या आणि भाडे पुन्हा चढले. १८९६ साली ती जपानी कंपनीही त्याच पंक्तीस जाऊन बसली. जेवणाचा खर्च कापूस पिकविणाऱ्याने व सूत कातणाऱ्याने भरावा, दुसरे कोण भरणार?

कलकत्त्याकडची युक्ती याहून बेरकी. १८७७ पासून तेथे व्यापाऱ्याला भाड्यात सूट मिळे, पण ती हातात पडे पुढे कित्येक महिन्यांनी, तीही त्याने मध्यंतरी दुसऱ्याच्या बोटीत एक गठ्ठाही घातला नसेल तरच. त्याचेच पैसे ठेवून घेऊन त्यालाच बांधायचे! ही विद्या आगबोटवाल्याने गावच्या सावकाराकडून घेतली की सावकाराने त्याच्याकडून, देव जाणे. विलायतेतील शाही आयोगाने १९०९ साली हे सारे तपासले, तरी बंदी घालावीशी बहुमताला वाटले नाही. युरोपात अशा टोळ्यांची कायद्यातील सवलत संपायला ऑक्टोबर २००८ उजाडले.

आता आपल्या खिशातले पाहू. २०१६ साली मोबाइलचे इंटरनेट फुकट वाटले गेले. पुढे कित्येक कंपन्या मिटल्या किंवा एकमेकींत मिसळल्या. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांचे दर दोन-तीन दिवसांच्या आत वाढले. संगनमत झाले असे आम्ही म्हणत नाही. आमच्यापाशी पुरावा नाही. पण पुरावा शोधणे हे शेतकऱ्याचे काम नव्हे, त्यासाठी स्पर्धा आयोग बसविला आहे. त्याने तिघांच्या दरवाढीची कारणे तपासून मराठीत छापावीत व ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत, ही आमची मागणी आहे.