पदवीचं नाव आणि कामाची परवानगी

आयटीत दहा-बारा वर्षं काढली की माणसाला काहीतरी वेगळं करायची हुक्की येते. पूर्वी ती शेती, हॉटेल किंवा ट्रेकिंगच्या ग्रुपवर भागायची. हल्ली त्यात एक नवीन भर पडली आहे, क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. माझ्या ओळखीतल्या तिघांनी गेल्या दोनेक वर्षांत त्यासाठी अर्ज भरले. एक टेस्टिंगमधली, एक डेटाबेसवाला आणि एक चक्क प्रोजेक्ट मॅनेजर (इतरांना मानसोपचाराची गरज का पडते याचा त्याला दांडगा अनुभव आहे :-)).

थट्टा सोडा. तिघंही मनापासून भरत होते. कुणाच्या घरात आजारपण होऊन गेलेलं, कुणी स्वतः थेरपी घेऊन सावरलेला. मी त्यांचे अर्ज वाचले, विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपत्रकं वाचली आणि मग धंद्याच्या सवयीप्रमाणे मूळ डॉक्युमेंटेशन, म्हणजे कायदाच काढून वाचला. त्यातून माझं एक मत झालं आहे, ते आधीच सांगून टाकतो. "एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी" असं नाव लावणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलं पाहिजे की ही पदवी घेतल्यावर विद्यार्थी कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होतो की नाही. हो किंवा नाही. बूलियन. तिसरं उत्तर नको.

कारण उत्तर बऱ्याचदा "नाही" असतं, आणि ते फी भरून झाल्यावर कळतं.

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये, अगदी कलम २ मध्येच आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. व्याख्येत दोन वाटा आहेत. एक म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने (सगळे तिला आरसीआय म्हणतात) मान्य केलेल्या संस्थेतून घेतलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त पात्रता. दुसरी म्हणजे मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर केलेलं काम असलंच पाहिजे. आणि हे एम.फिल.सुद्धा परिषदेने मान्य केलेलं हवं. थोडक्यात, कुठूनही निघा, परिषदेच्या दारातूनच आत जावं लागतं.

परिषदेचा स्वतःचा कायदा १९९२ चा आहे. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. एक हजार रुपये! यापेक्षा जास्त आपण शनिवारी पिझ्झ्यावर घालवतो. पण आकड्यावर जाऊ नका. मुद्दा असा, की नुसत्या पदवीच्या नावात "क्लिनिकल" आहे म्हणून नोंदवहीत नाव लागत नाही.

आता यात गेल्या काही वर्षांत आणखी एक गुंता झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं आणि यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ते बंद केलं. सगळ्या विषयांचं. बहुतेक विषयांत एम.फिल. गेल्याने कुणाचं अडलं नाही. पण इथे ते नुसतं पीएच.डी.च्या आधीचं स्टेशन नव्हतं, तो व्यवसायाचा परवाना होता. या शिक्षणाची आपल्याकडची मुळं १९५५ साली बंगळूरला सुरू झालेल्या डिप्लोमात आहेत, ज्या संस्थेचं पुढे निम्हान्स झालं तिथे. त्या डिप्लोमाचंच नंतर एम.फिल. झालं. म्हणजे सत्तर वर्षांची वहिवाट, आणि कुणीतरी जुनी लायब्ररी डिलीट करताना तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे हे बघितलंच नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांच्या एम.फिल.ला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदतवाढ दिली.

दरम्यान परिषदेने नवी वाट आखली. चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स आणि परिषदेच्या अभ्यासक्रमाची एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी. विचार चांगलाच आहे. पण झालं काय, की आता बाजारात एकाच नावाच्या दोन पदव्या आहेत. एक परिषदेच्या मान्यतेची, जी परवान्याच्या वाटेवर नेते. दुसरी विद्यापीठाने आपल्या अधिकारात सुरू केलेली, जी यूजीसीच्या दृष्टीने पूर्ण वैध आहे, पण परवान्याच्या दृष्टीने मानसशास्त्राची साधी एम.ए. आहे. दोन्हींच्या प्रमाणपत्रावर नाव तेच! आमच्याकडे दोन फंक्शन्सना एकच नाव दिलं तर कंपायलर तरी ओरडतो. इथे कुणीच ओरडत नाही.

माझ्या टेस्टिंगवाल्या मैत्रिणीने एका खाजगी विद्यापीठाला (नाव घेत नाही) मेलवर सरळ प्रश्न विचारला, "तुमच्या एम.ए.ला आरसीआयची मान्यता आहे का?" उत्तर आलं की आमचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे आणि करिअरच्या संधी अमर्याद आहेत. ती बाई टेस्टर आहे. "एक्स्पेक्टेड रिझल्ट आणि अ‍ॅक्चुअल रिझल्ट जुळत नाही" असं म्हणून तिने तोच प्रश्न परत पाठवला. दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही, प्रवेशाची अंतिम तारीख जवळ आल्याचा एसेमेस आला.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप, "अरे, माणसंच नाहीत तर कागद कसले बघत बसता?" २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होतं. एवढी तहान असताना भांड्यावरची चिठ्ठी कोण वाचतो? मान्य. पण माणसं कमी आहेत त्याचं कारण अर्ज करणारे कमी आहेत हे नाही. देखरेखीखाली शिकवणाऱ्या जागा कमी आहेत. क्लिनिकल काम वर्गात शिकता येत नाही. समोरच्या बाईला झोप येत नाही ती काळजीने, थायरॉइडने की घरात कुणी मारतंय म्हणून, हे ओळखायला पहिली शंभर माणसं कुणा अनुभवी माणसाच्या शेजारी बसून बघावी लागतात. तुमची चूक त्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी दाखवून द्यावी लागते. हे शिकवणारे लोक आणि वॉर्ड वाढवायला पैसा लागतो. पदवीच्या नावात एक शब्द वाढवायला काहीच लागत नाही. म्हणून शब्द वाढतात, वॉर्ड वाढत नाहीत.

दुसरा आक्षेप, "प्रत्येकाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कशाला व्हायला हवं?" अगदी बरोबर. शाळांमधले समुपदेशक, कंपन्यांमधले समुपदेशक, ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थांमधून १९९० पासून चाललेलं काम, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस हेल्पलाइन (१४४१६), या सगळ्यात एम.ए. झालेल्या माणसांची गरज आहेच. समुपदेशन हे काही दुय्यम काम नाही. आणि २०२१ च्या कायद्याने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आता क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञही आले आहेत, म्हणजे त्यांचीही रीतसर नोंदणी व्हायची दिशा आहे. याच कायद्यामुळे यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम थांबवले. नोकरी सांभाळून इग्नूतून एम.ए. करू, हा आमच्या आयटीवाल्यांचा लाडका प्लॅन त्या दिवशी संपला. मला स्वतःला तो निर्णय पटतो, पण ज्यांनी आशेवर दोन-दोन वर्षं काढली त्यांचं वाईटही वाटतं.

तेव्हा समुपदेशक व्हायचं तर जरूर व्हा. पण मग पदवीचं नावही तसंच ठेवा ना. विकताना "क्लिनिकल" म्हणायचं आणि कुणी विचारलं की "समुपदेशनात खूप संधी आहेत" म्हणायचं, ही दुकानदारी झाली.

फसतो तो फक्त विद्यार्थी असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडणारा माणूस सज्ञान आहे, घराचा हप्ता त्याचा त्याने बघावा. पण या साखळीच्या शेवटी जो बसलाय तो रुग्ण आहे. त्याला एम.ए., एम.फिल., सायडी यातला फरक कळायची काही सोय नाही. तो दारावरची पाटी वाचतो. आणि ज्या दिवशी तो पाटी वाचून आत येतो, त्या दिवशी तो चौकशा करायच्या अवस्थेत नसतो. वॉशिंग मशीन घेताना आपण चार दुकानं फिरतो. आत्महत्येचे विचार येणारा मुलगा चार दुकानं फिरत नाही. तो एकदाच येतो.

म्हणून अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं असं. फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. हा अभ्यासक्रम परिषदेच्या मान्य यादीत आहे का, आणि कोणत्या वर्षापर्यंत? (मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि यादी परिषदेच्या संकेतस्थळावर मिळते, ती स्वतः उघडून बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका.) प्रत्यक्ष रुग्ण कुठे बघायला मिळणार, कोणत्या रुग्णालयात, आणि देखरेख करणारा माणूस स्वतः नोंदणीकृत आहे का? आणि शेवटी, कोर्स संपल्यावर माझं नाव कोणत्या नोंदवहीत लागेल? या तिन्हींची सरळ उत्तरं आली तर बिनधास्त अर्ज करा. गोलगोल उत्तरं आली तर तेही एक उत्तरच आहे.

आणि जाता जाता त्या निबंधाबद्दल. प्रवेश अर्जात "तुम्हाला हे क्षेत्र का निवडावंसं वाटतं" असा एक निबंध बऱ्याच ठिकाणी मागतात. मी वाचलेल्या तिन्ही निबंधांत एम्पथी, होलिस्टिक, जर्नी हे शब्द भरपूर होते. इंग्रजी उत्तम. पण ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत येणारा माणूस "अँक्झायटी" म्हणत नाही. तो म्हणतो पोटात गोळा येतो, जीव घाबरा होतो, डोकं सुन्न पडतं, कशात मन लागत नाही. यातलं कुठलं वाक्य साधं आहे आणि कुठलं धोक्याचं, हे ज्याला मराठीत ऐकू येतं त्याची आपल्याकडे फार गरज आहे. डेटाबेसवाल्याला म्हटलं, हे लिही, तुझी आजी कशी बोलायची ते लिही. तो म्हणाला, निवड समितीला आवडेल का? मी म्हटलं, नाही आवडलं तर ती समिती कशासाठी माणसं निवडतेय हे तरी तुला कळेल.

प्रोजेक्ट मॅनेजरने तूर्तास विचार रद्द केलाय. टेस्टिंगवाली यादीतल्या एका संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतेय, जागा मूठभर आहेत आणि तिला ते ठाऊक आहे. तिला जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं. त्याहून जास्त असं वाटतं, की अशा जागा वाढाव्यात. तोवर जे आहे ते खऱ्या नावाने तरी विका.