दुकानाच्या हिशेबात न बसणारी दहा वर्षे

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. हसनाबादच्या बाजारात आमचे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. माल मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी आणि सुरतेहून येतो. गिऱ्हाईक भोकरदन तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून. कापडाचा पोत बोटांनी ओळखणे, ताका मोजणे, उधारी गोडीने वसूल करणे हे सारे मला येते. रंगाचेही आपल्याला कळते असे मी समजत होतो. तो गैरसमज एका ईदच्या सीझनने दूर केला.

त्या वर्षी एका दलालामार्फत मरून रंगाचे सुती कापड घेतले होते. माल दिसायला सुरेख, भाव बरा. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि लोकांचे पांढरे कपडे गुलाबी झाले. गिऱ्हाईके कापड घेऊन दुकानात उभी राहिली. वीस-वीस वर्षांची माणसे ती, त्यांना काय सांगणार? पैसे परत केले. दलालाला विचारले तर म्हणाला, "शेठ, तुमच्या गावचे पाणी जड आहे." मी गप्प बसलो, कारण उलटून बोलायला माझ्याजवळ ज्ञान नव्हते.

माझी पुतणी तेव्हा एम.एस्सी.ला होती, सेंद्रिय रसायनशास्त्र हा तिचा विषय. सुट्टीत घरी आली होती. तिने एक तुकडा घेतला, साबण घालून पाण्यात उकळला, पाणी फेकले, पुन्हा उकळला. तीन-चार वेळा असे केल्यावर पाणी स्वच्छ राहू लागले आणि कापडावरचा रंग मात्र टिकला. म्हणाली, "बडे अब्बा, रंग खोटा नाही. धुलाईत चोरी झाली आहे."

तिने जे समजावले ते इथे सांगतो. आपल्यातल्या रंगारी बांधवांना त्याचा उपयोग होईल. हे रंग रिॲक्टिव्ह जातीचे. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने 1956 साली ते प्रथम बाजारात आणले. जुने रंग सुताला नुसते चिकटत. हा रंग सोड्याच्या पाण्यात सुताशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून पक्का. पण रंगाचा काही हिस्सा सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो. तो फुकट गेलेला हिस्सा कापडात बसून राहतो आणि गरम साबणाच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. पाणी आणि जळण वाचवण्यासाठी डाइंगवाल्याने ही धुलाई आखडती घेतली, की उरलेली धुलाई गिऱ्हाइकाच्या बादलीत होते. एवढी गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर माल उतरवण्यापूर्वी एक तुकडा चुलीवर उकळून पाहिला असता. नुकसान टळले असते आणि तोंडही वर राहिले असते.

आता याच पुतणीला पुढे पीएच.डी. करायची आहे, आणि घरात वाद सुरू आहे. भाऊ म्हणतो, पुरे झाले. खरे सांगायचे तर पहिला नकार माझाच होता. माझा हिशेब साधा होता: बी.एस्सी.ची तीन वर्षे, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची साधारण पाच. दहा वर्षे! एवढ्या काळात एक मुलगा दुकानात बसला तर दुसरे दुकान उभे राहते. हा हिशेब चुकीचा आहे असे आज माझे मत झाले आहे, म्हणून हा लेख.

आधी हे लोक करतात काय ते पाहू. संश्लेषण करणारा रसायनज्ञ छोट्या, स्वस्त मालापासून पायरीपायरीने मोठा, किमती रेणू बांधतो. औषध असो, रंग असो, कीटकनाशक असो, रीत एकच. यात व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी गोष्ट म्हणजे घट. समजा दहा पायऱ्या आहेत आणि दर पायरीला शंभरातले नव्वद हाती लागतात. ऐकायला छान वाटते. पण शेवटी शंभराचे पस्तीसच उरतात. दर पायरीला ऐंशी लागले तर शेवटी जेमतेम अकरा. तोच रेणू कोणी दहाऐवजी सहा पायऱ्यांत बांधून दाखवला, तर नव्वदच्या हिशेबाने त्रेपन्न हाती येतात. औषधाचा भाव बऱ्याच अंशी इथेच ठरतो. वाट आखडणारा माणूस कारखान्याला सोन्याच्या मोलाचा असतो, आणि ही नजर पुस्तकातून येत नाही. शेकडो प्रयोग फसल्यावर येते. आपल्या भाषेत ही उस्ताद-शागिर्दीच आहे. विणकराचा मुलगा मागावर किती वर्षे बसतो? त्याला आपण वाया गेलेली वर्षे म्हणत नाही.

या शास्त्राचे कापडाशी जुने नाते आहे. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापाचे औषध क्विनाइन बनवायला गेला. क्विनाइन बनले नाही, जांभळा रंग हाती आला. त्याचा बाप इमारतींची बांधकामे घेणारा माणूस होता. त्याने मुलाच्या बाटलीतल्या रंगावर आपली पुंजी लावली आणि बाप-लेकांनी कारखाना काढला. त्यानंतर जर्मनीने रसायनज्ञांच्या फौजा उभ्या केल्या. 1897 साली बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि पुढे आपल्या देशातला निळीचा व्यापार बसला. आपल्याकडे नीळ होती, शेतमजूर होते, व्यापारी होते. नव्हते ते रसायनज्ञ.

मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला (यूडीसीटी, आता आयसीटी, माटुंगा), तेव्हा सुरुवातीच्या शाखांत वस्त्ररसायन होते, कारण मुंबई गिरण्यांची होती. तिथे 1938 ते 1957 संचालक राहिलेले के. वेंकटरामन हे रंगांचे जगन्मान्य पंडित. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1952 मध्ये निघाला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांचे शागिर्द ए. व्ही. रामाराव यांनी पुढे औषधांच्या संश्लेषणात नाव काढले. रंगाच्या भट्टीवर तयार झालेला हात औषधालाही चालला. माटुंग्याहून पुण्याला याच वाटेने गेलेले आणखी एक नाव अंजी रेड्डी यांचे. आंध्रातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. यूडीसीटीत शिकले, पुण्याच्या प्रयोगशाळेतून पीएच.डी. झाले आणि 1984 मध्ये त्यांनी डॉ. रेड्डीज ही कंपनी काढली.

आता आपल्या समाजातले नाव. ख्वाजा अब्दुल हमीद असहकाराच्या काळात सरकारी शिक्षण सोडून जामियात शिकवत होते. पुढे बर्लिनला जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टर झाले आणि 1935 मध्ये मुंबईत त्यांनी सिप्ला काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद केंब्रिजला ॲलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली शिकले. टॉड यांना 1957 चे नोबेल मिळाले, त्या वेळी युसूफ तिथेच होते. त्यांनी तिथे कशावर काम केले? आपल्या कपाशीवर पडतो त्या माव्याच्या जातीचे किडे, त्यांच्या अंगातल्या रंगावर! पोराने किड्याच्या रंगात वर्षे घालवली असे सांगितले, तर आपल्या मोहल्ल्यात लोक हसतील. पण रेणूची घडण उलगडायची आणि पुन्हा बांधायची, ही तालीम तिथेच झाली. 1960 मध्ये ते परतले आणि सिप्लात लागले.

पुढे 1970 चा पेटंट कायदा आला, 1972 पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, तो बनवण्याच्या रीतीवर मात्र आहे, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे तुम्ही वेगळ्या वाटेने तोच रेणू बांधलात तर विकायला मोकळे. वेगळी वाट शोधणार कोण? संश्लेषणवाला. देशातला औषधधंदा या हातांनी उभा केला. एड्सवरच्या एझेडटी या औषधाची रीत हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत रामाराव यांनी बसवून दिली आणि सिप्लाने ते बाजारात आणले. 2001 साली युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एका रोग्याचा वर्षाचा इलाज 350 डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत लाखो माणसे त्या औषधांवर जगली. 2020 मध्ये केंब्रिजच्या रसायन विभागालाच त्यांचे नाव दिले गेले. 2005 पासून आपल्याकडेही रेणूवर पेटंट मिळू लागले, त्यामुळे जुना मोकळेपणा राहिला नाही. आता नवा रेणू शोधावा लागतो, म्हणजे कसब आणखी वरच्या दर्जाचे हवे.

कोणी म्हणेल, हमीद साहेबांच्या बापाची कंपनी होती. बरोबर आहे. म्हणूनच हळदवाल्याच्या मुलाचे नाव वर घेतले. आणि दुकानदारांबद्दल बोलायचे तर वोखार्टचे हबील खोराकीवाला हे मुंबईच्या अकबरअलीज या दुकानाच्या घराण्यातले. त्यांच्या कंपनीचे संशोधन केंद्र औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाण्यात आहे. वोखार्टने शोधलेल्या लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन या नव्या प्रतिजैविकाला 2020 मध्ये भारतात मंजुरी मिळाली. हे सारे आपल्या बसच्या अंतरावर घडते आहे, आणि आपण तिथे फार तर गेटवरचा टेम्पो चालवतो.

पैशाचे बोलू. सरकारची सीएसआयआर-नेट परीक्षा वरच्या क्रमांकाने पास झाली तर पीएच.डी.ला संशोधनवृत्ती मिळते. 1 जानेवारी 2023 पासूनचा दर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये, नंतरची तीन वर्षे 42,000. पाच वर्षांचे चोवीस लाख होतात, घरभाडे वेगळे. मी हा आकडा भावासमोर कागदावर मांडला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. दहा वर्षे आपण पोसायचे हा समजच चूक आहे. खरी अडचण मधली आहे: एम.एस्सी.ची दोन वर्षे आणि परीक्षेच्या तयारीचे एक. याच तीन वर्षांत मुले गळतात, कुठल्याशा कारखान्यात कंत्राटावर रात्रपाळी धरतात. आपल्या अंजुमन आणि व्यापारी संघटना दहावी-बारावीच्या मुलांना ट्रॉफ्या वाटतात, फोटो छापतात. तो पैसा या तीन वर्षांवर लावावा असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तरी चालेल.

प्रत्येकाने पीएच.डी. करावी असे मात्र मी म्हणत नाही. ज्याला फसलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडण्याचा सब्र नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. कामात धोकाही आहे. पेट घेणारे द्रव, विषारी वाफा, रात्री चालणारी भट्टी. आणि फी भरण्याआधी बापाने एकदा कॉलेजची प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी. आपण थान उलगडल्याशिवाय माल घेत नाही. इथे मात्र रंगीत जाहिरात पाहून लाखभर मोजतो, आणि आत गेल्यावर नळाला पाणी नसते, मुले प्रयोग वहीत उतरवून घेतात.

उर्दू माध्यमाचा प्रश्न तर माझ्या घरचाच. मी दहावीपर्यंत विज्ञान उर्दूतून शिकलो. तेजाब, मुरक्कब, नामियाती कीमिया हे शब्द अजून तोंडात आहेत. याच निजामी मुलखाच्या उस्मानिया विद्यापीठात (स्थापना 1918) एके काळी रसायनशास्त्र उर्दूतून वरपर्यंत शिकवले जाई. ती वाट आता नाही. अकरावीत सारे एकदम इंग्रजी होते, हुशार मूल शब्दांनीच गोंधळते, मास्तर म्हणतात पोर कच्चे आहे, आणि आपण त्याला गल्ल्यावर बसवतो. माझे तसेच झाले. आठवीपासून दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी शिकवले, तर हे टळू शकते. याला ना अनुदान लागते ना इमारत. जाबिर बिन हय्यानचे नाव आपण जलशांतून मोठ्या अभिमानाने घेतो. त्याचा वारसा सांगणाऱ्या बाजारात रंग का सुटला हे सांगणारे एक माणूस मिळू नये?

माटुंग्याच्या त्याच आयसीटीचे मराठवाडा केंद्र 2018 मध्ये जालन्याला सुरू झाले. माल आणायला जाताना मी जालन्याहून किती वेळा गेलो असेन, पण हे काय आहे याची चौकशी कधी केली नाही. पुतणीने सांगितले तेव्हा कळले. तिथले वर्ग आणि प्रवेशाचे नियम विचारायला आता बाजारातल्या दोघा-तिघांना घेऊन जाणार आहे. एकाचा मुलगा बारावीला आहे, दुसऱ्याची मुलगी अकरावीला.

पुतणी नेटची तयारी करते आहे. दुकानाच्या वरच्या खोलीतली जुनी थाने आम्ही खाली आणली आणि खोली तिला दिली. भाऊ अजून पूर्ण राजी नाही. परवा मात्र सुरतेचा नवा नमुना आला, तेव्हा मला न विचारता त्यानेच तुकडा कापला आणि वर पाठवला.