कुरळ्या केंसांची कैफियत

गेल्या वर्षीं वर्गाचें छायाचित्र काढण्याच्या दिवशीं एक मुलगी मागल्या रांगेंत, सर्वांच्या आड उभी राहूं लागली. तिच्या केंसांचा मोठा भारा झाला होता. आम्हीं जरा कठोरपणानेंच विचारलें, "आज केंस विंचरले नाहींस वाटतें?" ती मान खालीं घालून म्हणाली, "बाई, विंचरले म्हणूनच असे झाले." जवळच्या मुली हंसल्या, आम्हीहि हंसलों. परंतु तें उत्तर पुढें मनांतून जाईना. आणि विचारांतीं तिचें म्हणणें खरें व आमचें हंसणें चुकीचें असें ठरलें. त्या चुकीची अल्पशी भरपाई म्हणून हा लेख.

त्या मुलीचे केंस सर्वत्र सारखे कुरळे नव्हते. मानेवर बारीक वळ्या, टाळूवर नुसत्या लाटा आणि कानशिलांपाशीं जवळ जवळ सरळ बटा, असा तो प्रकार होता. पुष्कळांच्या डोक्यावर तो असतो. केंस ज्या सूक्ष्म कूपांतून उगवतो, तो कूप सरळ असेल तर केंस सरळ निघतो आणि वांकडा असेल तर कुरळा. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १ लक्ष केंस असतात. हाताचीं पांच बोटें सारखीं नसतात, हें आपण मुलांस रोज सांगतों. मग या लक्षावधि कूपांनीं मात्र एकाच सांच्यांतून निघावें, हा हट्ट कां? शिवाय वयांत येतांना केंसांची ठेवण बदलते, आणि घट्ट वेण्या, उशीची घासण व कडक ऊन यांचाहि परिणाम सर्व भागांवर सारखा होत नाहीं. डोक्याच्या त्वचेंतील स्निग्धता वळ्यावळ्यांतून टोंकापर्यंत सहज उतरत नाहीं, म्हणून कुरळा केंस बहुधा कोरडा असतो. असा केंस कोरडाच विंचरला कीं वळ्या मोडतात आणि केंस फुलून उभे राहतात. मुलीचें उत्तर खरें होतें तें असें.

यावर सर्वांस सुचणारा उपाय म्हणजे तापलेल्या यंत्रानें केंस सरळ करून घेणें. परंतु हीं यंत्रें २०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापतात. पाण्यानें किंवा सौम्य उष्णतेनें केंसांत होणारा बदल तात्पुरता असतो. अति उष्णतेनें मात्र केंस ज्या केराटिनचा बनलेला आहे तें केराटिनच बिघडतें, आणि तेथील कुरळेपणा परत येत नाहीं. मग समोरच्या बटा निर्जीव सरळ व मागल्या कुरळ्या, अशी पूर्वींहून अधिक विषमता पदरीं पडते. त्वचेबाहेर आलेला केंस सजीव नसल्यामुळें तो कोणत्याहि मलमानें पूर्ववत् होत नाहीं. नवा केंस महिन्यास सुमारें १ सेंटिमीटर वाढतो; म्हणजे एका सायंकाळच्या शोभेची किंमत वर्ष दोन वर्षें मोजावी लागते. केंस सरळ करण्याच्या कांहीं द्रव्यांतून उष्णतेनें फॉर्मल्डिहाइड वायु निघतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं त्याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

खरा मार्ग साधा आहे: सगळ्या डोक्यास एकच माप लावूं नये. केंसांचे चार भाग करावेत. ते ओले असतांनाच, कंडिशनर लावून, बोटांनीं किंवा रुंद दात्यांच्या कंगव्यानें टोंकाकडून मुळाकडे गुंता सोडवीत जावें. कोरड्या, बारीक वळ्यांच्या भागास तें अधिक लावावें. सरळ भागास थोडें, नाहींतर त्या बटा जड होऊन लोंबतात. सैल बटा ओल्या असतांना बोटाभोंवतीं गुंडाळून सोडल्या, तर त्या शेजारच्या कुरळ्यांशीं मिळून येतात. टॉवेलनें खसाखसा न पुसतां मऊ सुती कापडानें पाणी टिपावें. न्हाण्यापूर्वीं खोबरेल लावण्याची आपल्या आजीबाईंची रीतहि सोडूं नये. खोबरेल केंसांत मुरून त्यांतील प्रथिनाची झीज कमी करतें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका संशोधनांत दिसून आलें.

परंतु हा प्रश्न केवळ न्हाणीघरांतला नव्हे. ज्यांचे केंस उपजतच दाट कुरळे, त्या आफ्रिकन वंशाच्या लोकांस याचा जाच पिढ्यान् पिढ्या सोसावा लागला. शाळेंत व कचेरींत आपला स्वीकार व्हावा म्हणून तापल्या फण्या आणि दाहक लेप वापरण्याची पाळी त्यांच्यांतील कित्येकांवर आली. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथें मुलींच्या एका शाळेंत विद्यार्थिनींनींच केंसांच्या नियमांविरुद्ध आवाज उठविला. २०१९ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें, शाळेंत किंवा नोकरींत केंसांच्या उपजत ठेवणीवरून भेदभाव करण्यास कायद्यानें बंदी केली. आपल्याकडील जाच इतका तीव्र नाहीं, पण "हिचे केंस कोणावर गेले?" ही घरची थट्टा आणि "चापूनचोपून बसव" ही शाळेची आज्ञा, हीं त्याच झाडाचीं लहान फळें होत.

कोणी म्हणेल, शाळेस शिस्त नको काय? अवश्य हवी. केंस स्वच्छ असावेत, उवा नसाव्यात, प्रयोगशाळेंत ते बांधलेले असावेत, हे नियम योग्यच आहेत. कारण ते पाळणें प्रत्येकीच्या हातीं आहे. केंस सरळ असणें तिच्या हातीं नाहीं. जें हातीं नाहीं त्याबद्दल मुलीस दोष देणें म्हणजे शिस्त नव्हे, अन्याय होय. मनुष्याच्या डोक्यावरील केंसांचीहि देवाजवळ मोजदाद आहे, असें आपल्या शाळेंत शिकविलें जातें. ज्यानें ते मोजले, त्यानें त्यांतील कुरळे वगळले असतील असें वाटत नाहीं.

पालकहो, लग्नकार्याच्या निमित्तानें मुलीस केंस सरळ करावयास धाडण्यापूर्वीं तिला एकदां रुंद दात्यांचा कंगवा आणून द्या. आणि आम्ही शिक्षकांनीं हंसण्यापूर्वीं उत्तर ऐकावें. यंदांच्या छायाचित्राच्या वेळीं ती मुलगी कोणत्या रांगेंत उभी राहते, हें तिच्या केंसांवर नव्हे, तर आपल्या शब्दांवर अवलंबून आहे.