मला तीन सेकंद हवेत

गेल्या रविवारी मी सायकलवरून पडले. पहिल्यांदा नाही पडले, आणि लागलंही फार नाही, कोपर सोलवटलं एवढंच. पण या वेळी उजवीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्याच्या बाजूला पडले. मागच्या रिक्षावाल्या दादांनी वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

सहा वर्षांपूर्वी एका अपघातात माझा उजवा घोटा पार चुरला. दोन ऑपरेशनं झाली, शेवटी डॉक्टरांनी सांधाच जोडून टाकला. पाऊल नडगीला काटकोनात घट्ट बसलंय. वर-खाली जवळजवळ होत नाही, आत-बाहेर अजिबात नाही. चालते, जिने चढते, ऑफिसला जाते. लंगडणं ओळखीच्यांनाच कळतं. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी गेले तर टक्केवारी 40 च्या खाली आली, आणि बहुतेक सवलती 40 पासून सुरू होतात. म्हणजे सरकारदरबारी मी धडधाकट. असो. माझ्यापेक्षा जास्त गरज असणारे पुष्कळ आहेत.

सायकल चालवा असं डॉक्टरच म्हणाले. मांडी-गुडघा चालता राहतो आणि घोट्यावर अंगाचा भार येत नाही. पण पाऊल पेडलवर टिकवून ठेवायचं कामही घोटाच करतो, हे घोटा गेल्यावर कळतं. स्पीडब्रेकर आला की माझं पाऊल सटकायचं आणि पेडल गर्रकन फिरून नडगीवर. नडगीचे फोटो टाकत नाही, जेवणाची वेळ आहे.

म्हणून क्लिपलेस पेडल. नाव क्लिपलेस आणि काम पाय अडकवायचं! पूर्वी पेडलला पुढे पिंजऱ्यासारखी क्लिप आणि पट्टा असायचा, तो गेला म्हणून हे नाव. फ्रान्सच्या लुक कंपनीने हे पेडल 1984 मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो त्यावर टूर द फ्रान्स जिंकला. 1990 मध्ये शिमानोचं एसपीडी आलं. बुटाच्या तळाला धातूचा छोटा क्लीट असतो, तो पेडलमध्ये खट्कन बसतो. सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची.

आता घोटा वळत नाही तर टाच फिरवणार कुठून? दुकानातला मुलगा मला चालताना बघून म्हणाला, "काकू, तुम्ही नका ना घेऊ हे. अडकलात म्हणजे?" त्याचं चुकलं नव्हतं. पण "काकू, आपण कसं जमवूया?" असं विचारणारं दुकान मला आजतागायत भेटलेलं नाही.

उत्तर फिजिओथेरपिस्ट ताईंकडे मिळालं. त्या म्हणाल्या, घोटा विसरा, मांडीपासून अख्खा पाय फिरवा. पेडल सगळ्यात खाली आणायचं आणि खुब्यातून पाय वळवायचा, की टाच आपोआप बाहेर जाते. पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू अ‍ॅलन कीने पार सैल केला. साध्या क्लीटऐवजी एसएच-56 लावले, ते टाच बाहेर गेल्यावरच नाही, इतर दिशांना हिसका दिला तरी सुटतात. मग पार्किंगमध्ये भिंतीला हात टेकून, उभ्या सायकलवर, अडकव-सोडव, अडकव-सोडव. सोसायटीतल्यांना वाटलं हिला काहीतरी झालंय. पंधरा दिवसांनी शाळेच्या ग्राउंडवर, गवतावर. तिथे चारदा पडले.

मुलाने मोबाइलवर वेळ लावून पाहिली. डावा, म्हणजे चांगला पाय, अर्ध्या सेकंदात सुटतो. उजव्याला तीन सेकंद लागतात. कितीही सराव केला तरी त्याच्या खाली येत नाही. म्हणून थांबताना नेहमी डावाच पाय टेकायचा. आपल्याकडे डावीकडून चालवतात, फूटपाथ डावीकडे, त्यामुळे हे सोयीचंच. पहाटे खडकवासल्याच्या रस्त्याला जाते, तिथे कधीही अडचण आलेली नाही.

अडचण येते ती सायकल ट्रॅकवर, आणि हेच सांगायला एवढं लिहिलं. माझ्या वाटेवरचा ट्रॅक मध्येच संपतो. पाटी नाही, उतार नाही, पेव्हर ब्लॉक संपले की थेट पायरी. दोन खांबांच्या मधे कुणीतरी टेम्पो लावलेला. टेम्पो चुकवायला मुख्य रस्त्यावर यावं तर चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीखाली. रविवारी हे सगळं एकाच ठिकाणी आलं. डावीकडे टेम्पो, पाय टेकायला जागाच नाही, तोल उजवीकडे गेला. मला तीन सेकंद हवे होते, रस्त्याने एकही दिला नाही.

यावर दोन सल्ले हमखास येतात. पहिला, "हट्ट कशाला, साधी पेडल लावा." त्याचं उत्तर माझ्या नडगीवर आहे. दुसरा जास्त प्रेमाचा असतो: "त्या ज्योती गडेरियाकडे बघ!" बघते ना. भंडारा जिल्ह्यातली मुलगी, एक पाय गुडघ्याखाली गमावून 2024 मध्ये पॅरिस पॅरालिंपिकला सायकल शर्यतीत उतरली, अभिमानच आहे. पण तिची शर्यत वेलोड्रोममध्ये आणि वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर होते. तिथे टेम्पो आडवा येत नाही. आपण जिद्दीच्या गोष्टी सांगतो आणि चेंबरचं झाकण तसंच राहतं.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 41 मध्ये सुगम रस्त्यांचा उल्लेख आहे, आणि स्वतःच्या वाहनात गरजेप्रमाणे बदल करून घेण्यासाठी योजना आणा असंही म्हटलंय. माझ्या समजुतीप्रमाणे सायकल हेही वाहनच. पण रस्त्याच्या कामाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक साहेब म्हणाले, "मॅडम, अपंगांसाठी रॅम्प केलाय ना." अपंग म्हणजे व्हीलचेअर आणि सोय म्हणजे रॅम्प, पुढे विचारच नाही. शिवाय तीन सेकंद फक्त मलाच लागतात का? गुडघे धरलेले आजोबा, दुधाचे कॅन लटकवलेला गवळी, मागे पोर बसवलेली आई, यांना पटकन पाय टेकता येतो का, बघा एकदा.

मागणी फार मोठी नाही. ट्रॅक संपणार असेल तर आधी पाटी आणि शेवटी उतार. झाकणं रस्त्याच्या पातळीत. ट्रॅकवर लावलेली गाडी त्याच दिवशी उचलायची. कोपनहेगनमध्ये काही सिग्नलपाशी सायकलवाल्यांसाठी कठडे बसवलेत, पाय टेकायचा, हाताने धरायचं, पेडलवरून उतरायचीच गरज नाही. हे काही रॉकेट नाही, लोखंडी पाइप आहे. आपल्याकडे वॉर्डात दर वर्षी बाकडी बसवतात, नगरसेवकाच्या नावासकट. एक कठडाही बसवा, नाव टाका हवं तर, माझी हरकत नाही.

तोपर्यंत माझा कठडा म्हणजे आमच्या चौकातल्या सिग्नलचा खांब. त्यावर कुणीतरी दर आठवड्याला क्लासची नवी जाहिरात चिकटवतं, ओल्या खळीसकट. ऑफिसला पोचेपर्यंत हात चिकट असतो.